कुजबुजीचं अंतर

आमची मुंगी घरात इतकं बोलते की तिच्या बाबांना बातम्या ऐकायच्या असल्या तर मोबाइल घेऊन बाथरूममध्ये जावं लागतं. शाळेत मात्र ती पहिलीपासून एक शब्द बोललेली नाही. हजेरीला हात वर करते, पाणी संपलं तर रिकामी बाटली दाखवते, पडली तर रडते तीसुद्धा आवाज न करता. शाळेच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, हा हट्ट नाही आणि नुसती लाजही नाही, बाहेर गेलं की हिचा शब्द घशातच अडतो. मागे लागू नका, आमिष दाखवू नका, वेळ द्या. मी मान डोलावली. मान डोलावणं मला छान जमतं. मागे न लागणं जमत नाही.

म्हणून मी सर्व्हर सुरू केला.

खेळ ठोकळ्यांचा आहे. ठोकळे खणायचे, रचायचे, घरं बांधायची, अंधार पडला की भुतं येतात त्यांच्यापासून जीव वाचवायचा. चार मुलांना आपापल्या घरून एकाच जगात खेळायचं असेल तर ते जग कुठल्यातरी एका कॉम्प्युटरवर चालू ठेवावं लागतं, तो सर्व्हर. बाहेर फुकटचे खूप असतात, पण तिथे कोण कुठला माणूस येऊन मुलांशी काय बोलेल, याचा नेम नाही. मग माझा कॉलेजच्या वेळचा लॅपटॉप, बिजागरी मोडलेला, स्वयंपाकघरात शिलाई मशीनवर भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याचाच सर्व्हर केला. शिकवलं नणंदेनं. ती एका मोठ्या कंपनीत हेच काम करते, फरक इतकाच की तिचा सर्व्हर बंद पडला तर साहेब ओरडतात आणि माझा पडला तर नऊ वर्षांची मुलं.

मूळ खेळात नसलेली एखादी गोष्ट हवी असेल तर ॲड-ऑन मिळतात. फाइल उतरवून घ्यायची, ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा. पहिल्याच दिवशी मी यादीतल्या मुलांनाच आत सोडणारं एक टाकलं, दुसऱ्याचं घर फोडू न देणारं एक, आग पसरू न देणारं एक, आणि वाईट शब्द गाळणारं एक. नवरा मागे उभा राहून बघत होता.

"पोरांना खेळायला देतेयस की पोलीस चौकी उघडतेयस?"

"तू चहा घे," मी म्हटलं.

मुंगीच्या वर्गातलीच तिघं आली. खेळात प्रत्येकाला एक नाव घ्यावं लागतं. दोन वेण्यांची, पुढचा दात पडलेली मुलगी झाली खवीस. कुत्रा दिसला की रस्ता बदलणारा मुलगा झाला लाल वाघ. वर्गात मुंगीच्या शेजारी बसणारी झाली काळी मांजर. मुंगीनं नाव घेतलं गप्पिष्ट. ते वाचून मी ओट्याकडे तोंड केलं आणि धुतलेलीच कढई पुन्हा धुतली.

मुलं खेळता खेळता जे टाइप करतात ते सगळं माझ्या लॅपटॉपवर एका काळ्या खिडकीत ओळीओळीनं उतरतं. मी भाजी चिरता चिरता ते वाचायचे.

गप्पिष्ट: खवीस ते घर नाहीये खोकं आहे. खिडकी कुठाय?

खवीस: खविसांना खिडकी लागत नाही

गप्पिष्ट: मग नाक कुठून बाहेर काढणार?

गप्पिष्ट: वाघ तू दारात उभा राहू नकोस. मेंढ्या तुला हसतात

लाल वाघ: त्या बें करतात. हसत नाहीत

गप्पिष्ट: मला मेंढ्यांची भाषा येते

माझी मुलगी चेष्टा करत होती. लोकांना कामाला लावत होती. काळी मांजर तर तिला विचारल्याशिवाय एक ठोकळा हलवायची नाही. शाळेत चौघं अजूनही तशीच, तिघं बोलणार आणि ही ऐकणार. पण रोज संध्याकाळी दीडेक तास माझी मुलगी चारचौघांसारखी असायची, नव्हे, चौघांतली पुढारी असायची. मला आणखी काही नको होतं. हे असंच राहू दे, एवढंच.

आणि मग एका संध्याकाळी खविसानं लिहिलं: काकू आवाजाचं ॲड-ऑन टाका ना.

लाल वाघ: हो काकू. टाइप करेपर्यंत भूत खाऊन टाकतं

खवीस: काल मी मागे बघ लिहीत होते तेवढ्यात हा मेला

लाल वाघ: दोनदा मेलो

मी गप्पिष्टच्या ओळीची वाट बघितली. आली नाही. शेवटी मीच लिहिलं: बघते.

बघितलं. हेडफोन लावून बोलायचं, आणि खेळात आपण ज्याच्या जवळ आहोत त्यालाच ते ऐकू जातं. लांब गेलं की आवाज विरत विरत बंद होतो. खरोखरीच्या मैदानासारखं. वाचताना मलाही आवडलं. मग पुढचं वाचलं. ज्या मुलाचा माइक बंद असेल त्याच्या डोक्यावर इतरांना एक छोटी खूण दिसते, तुटलेल्या वायरची. जिथे जाईल तिथे खूण त्याच्या डोक्यावर. ती घालवायची सोय शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला. सर्व्हरकडून ती जात नाही; ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर ती ठरते.

खूण तरी सोडा. मुलं बोलायला लागली की लिहिणार कशाला? आणि कुणी लिहिलंच नाही की गप्पिष्ट गेली. उरणार परत बाटली दाखवणारी.

मी नणंदेला फोन लावला.

"पाच मिनिटांचं काम आहे, वहिनी," ती म्हणाली. मागे तिच्या ऑफिसातले पंखे घुरघुरत होते. "एक पोर्ट उघडायचं, म्हणजे आवाजाला यायला-जायला वेगळं दार, झालं. अडलंय कुठे?"

मी सांगितलं कुठे अडलंय ते. 

"तिला विचारलंस?"

"काय विचारू? आमिष नाही, मागे लागणं नाही, बाईंनी सांगितलंय."

"विचारणं म्हणजे मागे लागणं नव्हे गं. बरं, मग सरळ नाही म्हण पोरांना."

"तसंही नको."

"तुला ना, वहिनी, पाण्यात तर उतरायचंय आणि पदर भिजायला नको." मग हळू आवाजात, "जे काय टाकशील ते एका वेळी एक टाक हं. एक टाक, सुरू कर, बघ, मग दुसरं. घाई करू नकोस."

मी घाई केली. मला एक युक्ती सुचली होती. लिहिलेले शब्द त्या त्या मुलाच्या डोक्यावर फुग्यात दाखवणारं एक ॲड-ऑन असतं. शब्द समोरच्या डोक्यावरच दिसले तर खाली वाचत बसायला नको, भुतं खाणार नाहीत, आवाजाची गरजच उरणार नाही. आणि मुलांना तो विषयच विसरायला लावावा म्हणून जोडीला बसता येईल अशा खुर्च्या, घोड्यांना खोगीर-लगाम आणि एक नकाशा. चारही फाइली एकदम फोल्डरमध्ये टाकल्या. सर्व्हर बंद केला, सुरू केला. तांबड्या अक्षरांत एकदोन ओळी उमटल्या, पण सुरू झाला. मी म्हटलं, झालं तर.

मुंगी शाळेतून आली, हातपाय धुवून आतल्या खोलीत तिच्या बाबांच्या लॅपटॉपसमोर बसली. बाकीची तिघं आधीच आत होती. मुंगीनं नेहमीसारखं लिहिलं: आले.

काळ्या खिडकीत ओळ उमटली. गप्पिष्ट: आले. मग पुन्हा. मग पुन्हा. मग खिडकी भरली आणि धबधब्यासारखी वर सरकायला लागली, आले आले आले आले. लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागला. वाईट शब्द गाळणारं जुनं ॲड-ऑन तो शब्द तपासून पुढे देत होतं, फुग्यांचं नवं ॲड-ऑन तो फुग्यात घालून परत मागे देत होतं, आणि दोघं मिळून माझ्या मुलीचा एक शब्द चेंडूसारखा टोलवत होती. चौघांच्याही पडद्यावर दुसरं काही दिसत नव्हतं. मी बंद करायची आज्ञा टाइप केली, ती त्या गर्दीत कुठे गेली कळलं नाही. शेवटी वायर उपटली; बॅटरी केव्हाच मेलेली, लॅपटॉप जागच्या जागी बंद.

आत गेले तर मुंगीनं लॅपटॉप मिटला होता आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती, झाकण आपोआप उघडेल की काय असं.

"माझं नाव येत होतं," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटलं मीच करतेय."

"नाही गं, त्यांना कळलं असेल, मशीनचं…"

"वाघानं लिहिलं, गप्प बस ना."

त्या मुलाचा काय दोष? पडदा भरून एकच शब्द येत असेल तर कुणीही हेच लिहील. पण मुंगीला आजवर बाहेरच्या कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती खेळायला बसली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी चारही नवी ॲड-ऑन काढून टाकली, सर्व्हर पहिल्यासारखा सुरळीत केला, "चालू झालाय बरं का" असं दोनदा मोठ्यानं म्हटलं. ती चित्रं काढत राहिली. बाकीची तिघं आत यायची, काळ्या खिडकीत "ती कुठाय" अशी ओळ यायची, आणि थोड्या वेळानं एकेक करून निघून जायची. घरातही ती कमी बोलायला लागली. नवऱ्यानं बातम्या बाहेरच्या खोलीत बसून ऐकल्या आणि अर्ध्यातच बंद केल्या.

चौथ्या दिवशी बेल वाजली. दारात खवीस. एका हातात दूध आणायची पिशवी, दुसऱ्या हातानं वेणीचं टोक तोंडात.

"काकू, गप्पिष्ट का येत नाही?"

"तिला जरा बरं नाहीये."

"शाळेत तर आली होती." खविसानं माझ्याकडे असं बघितलं की मलाच दारातून मागे सरावंसं वाटलं. "काकू, आवाजाचं टाकलं नाही म्हणून रुसलीय का ती?"

"ती कशाला रुसेल? आवाजाचं तुम्हाला हवंय ना."

"तिनेच तर सांगितलं मला, तू माग म्हणून. शाळेत, खाणाखुणा करून. मग मी वही पुढे केली, तर तिनं लिहिलं, मी मागितलं तर आई विचार करत बसेल." एवढं बोलून तिनं वेणी तोंडातून काढली. "तिला सांगू नका हं मी सांगितलं. दूध आणायला उशीर होतोय."

ती जिना उतरून गेली तरी मी दार धरून उभी होते.

वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचं काम आम्ही दोघी संध्याकाळीच करतो. मोजे जोडायचे तिच्याकडे. मी चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि जे सात दिवस विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मुंगे, आवाजाचं ॲड-ऑन टाकू का?"

तिनं टोक सोडलं नाही. "खविसानं सांगितलं ना?"

"हो."

"तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही."

"तुला कशाला हवंय ते?" बोलून गेले आणि जीभ चावली. पण ती सहज उत्तर द्यायला लागली, गणित समजावून सांगावं तसं.

"शाळेत सगळी एकदम बोलतात, कोण काय म्हणालं तेच कळत नाही. खेळात जवळ गेलं की जवळच्याचंच येईल. मला खविसाचं गाणं ऐकायचंय. ती भूत मारताना गाणं म्हणते असं म्हणते ती."

"आणि तू माइक बंद ठेवलास तर तुझ्या डोक्यावर एक खूण दिसेल. सगळ्यांना."

"दिसू दे ना," मुंगी म्हणाली. "त्यांना काय माहीत नाही का?"

 चादरीची आम्ही नको इतकी लहान घडी केली.

"किती लांबून ऐकू जातं?" तिनं विचारलं.

मी उतरवून ठेवलेल्या ॲड-ऑनची सेटिंगची फाइल लॅपटॉपवर दाखवली. साधं बोलणं अठ्ठेचाळीस ठोकळ्यांपर्यंत. त्याच्या खाली एक ओळ होती, ती मी आधी वाचून सोडून दिली होती: एक बटण दाबून बोललं तर कुजबुज होते आणि तिचं अंतर वेगळं ठरवता येतं. आपोआप ठरलेलं होतं चोवीस.

मुंगीनं बोट ठेवलं. "हे कमी होतं?"

"होतं."

"दोन कर."

"दोन म्हणजे अगदी नाकाला नाक लावल्यावर…"

"आई."

"केलं, केलं."

या वेळी आधी सगळ्या जगाची एक प्रत वेगळी काढून ठेवली आणि एकच फाइल टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलं शाळेत असताना, नणंद जेवणाच्या सुट्टीत तिच्या ऑफिसातून तपासायला आत आली. खेळातलं तिचं नाव आत्याबाई. खविसाच्या खोक्यासमोर आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"आता कुजबुजते हं. ऐकू येतंय?"

"येतंय."

"एक पाऊल मागे. आता?"

"येतंय."

आत्याबाई आणखी मागे गेली. हेडफोनमध्ये काही नाही. ती तशीच उभी, खेळातल्या ठोकळ्यांच्या माणसांना ओठ नाहीत त्यामुळे बोलतेय की नाही तेही कळेना. मग पुढे आली.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं नाही ना? मग बरोबर आहे तुझं दोन. मी म्हणाले, तुझ्या आमटीत कधीच मीठ नसतं."

"दहा वर्षांनी सांगतेयस!"

"आजवर इतकं सुरक्षित अंतर मिळालं नव्हतं." हसून झाल्यावर ती म्हणाली, "वहिनी, एक सांगू? आवाज तुझ्या काळ्या खिडकीत उतरत नाही हं. तिथे नुसतं लिहिलेलंच येतं."

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतके दिवस मला तिथला प्रत्येक शब्द कळत होता. आता कळणार नव्हता.

"रेकॉर्ड करायची काही सोय…"

"वहिनी."

"सहज विचारलं."

तिन्ही आयांना फोन करून त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरवर हवं ते बसवून घेतलं. लाल वाघाकडे पटकन झालं, खविसाकडे तिनेच केलं. काळ्या मांजरीच्या हेडफोनचा माइक मेलेला निघाला. ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. "राहू दे, ही आपली लिहील," तिची आई म्हणाली.

संध्याकाळी मुंगी आतल्या खोलीत गेली. हेडफोन घातला आणि दार लोटलं. मी ओट्यापाशी, काळी खिडकी समोर. लाल वाघ आत आला, खवीस आली, काळी मांजर आली, गप्पिष्ट आली. मग काहीच नाही. एरवी ज्या वेळात तीसेक ओळी यायच्या त्या वेळात खिडकी कोरी. पलीकडे मुलांचा कल्ला चाललेला असणार. मी फरसबीच्या शिरा काढत होते, आणि शिरा काढून झालेल्या शेंगांच्या पुन्हा काढत होते.

गप्पिष्ट काही लिहीत नव्हती. म्हणजे ऐकत असेल. किंवा फुलं लावत एकटी बसली असेल आणि तिघं तिला विसरून लांब गेली असतील. दारापाशी जाऊन कान लावला तर? चार पावलांवर दार. पाणी प्यायला म्हणून तिकडून जाता आलं असतं, फक्त माठ या बाजूला आहे.

खिडकीत ओळ आली: लाल वाघ उंचावरून पडून मेला. हे खेळ स्वतःच सांगतो. मग: खवीस उंचावरून पडून मेली. म्हणजे ती दोघं डोंगरावर होती. उरल्या त्या दोघी.

आणि मग काळी मांजर लिहायला लागली.

काळी मांजर: काय?

काळी मांजर: ऐकू नाही आलं जवळ ये

काळी मांजर: हो तीच शेळी

मी हात पुसले. लाल वाघ आणि खवीस लांब, डोंगराखाली. मग ही कुणाला उत्तरं देतेय?

काळी मांजर: नको तिचं नाव बदलू मला आवडतं

मी परातीतली एक शेंग उचलली. 

काळी मांजर: तुझा आवाज असा आहे होय

काळी मांजर: मला वाटायचं बारीक असेल

मी खाली बसले, तिथेच, ओट्याला पाठ लावून. हातात एक शेंग होती ती कच्चीच खाल्ली. आत जावं, तिला उचलावं, नवऱ्याला फोन करावा, नणंदेला करावा, बाईंना करावा, यांपैकी काहीच केलं नाही.  

वेळ संपल्यावर मुंगी बाहेर आली. हेडफोनमुळे केस दोन्ही बाजूंनी चपटे झालेले. पाण्याचा ग्लास संपवला, तोंड बाहीला पुसलं आणि परातीतल्या भाजीकडे बघून म्हणाली, "ई, फरसबी."

"हं."

"खवीस गाणं म्हणत नाही. नुसती ओरडते." ती जायला वळली आणि थांबली. "आई, ते दोन फार कमी आहे. मध्ये शेळी आली की ऐकू जात नाही. तीन कर."

मी लॅपटॉप पुढे ओढला, फाइल उघडली आणि ती ओळ शोधली. माझं बोट पाचावर गेलं होतं. पाच काही फार नाहीत. मुंगी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती.

मी तीन टाकलं.